ताई, पत्ता?

गेल्या सप्टेंबरात, मंडळाच्या गणपतीच्या संध्याकाळी, मी एका माणसाला घरी जेवायला बोलावलं आणि पत्ता दिला नाही.

घडलं ते एवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. आमचं मंडळ न्यू जर्सीतल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतं. आरती, मुलांची नाटुकली, मोठ्यांची गाणी, महाप्रसाद, आणि मग खुर्च्या रचून ठेवणं. ते सगळं उरकलं की आम्ही चार घरं आमच्याकडे जमतो आणि पिठलं-भाकरी खातो. बारा वर्षांची रीत आहे. महाप्रसादाला श्रीखंड-पुरी झालेली असली तरी रात्री दहाला पिठलं लागतंच. तर पार्किंगमध्ये आमचं 'कोण कोणाच्या गाडीत' चाललं होतं आणि ते गृहस्थ शेजारीच त्यांच्या गाडीचं दार उघडून उभे होते. जळगावकडचे. टेक्सासमधून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेले, ट्रकचा धंदा. त्या वर्षीचा अख्खा महाप्रसाद त्यांच्याकडून होता. बासुंदी, अळूवडी, वर शेवटी पानाचा ठेला. हॉलच्या दारातल्या बॅनरवर त्यांचं नाव गणपतीच्या सोंडेपेक्षा लांब होतं, असा विनोद आमच्यातल्या एकाने बासुंदीची दुसरी वाटी घेताना केला होता. मोरपंखी जॅकेट, सोनेरी गुंड्या, दोन्ही हातांत मिळून चार अंगठ्या. ते म्हणाले, "ताई, तुमचं गाणं एक नंबर झालं." मी सैलावले. आणि तोंडातून गेलं, "आम्ही सगळे घरीच चाललोय, तुम्ही पण या ना!"

हे 'या ना' कसं म्हणायचं असतं ते आपल्याला कुणी शिकवत नाही. 'ना' जरा लांबवायचा, मान किंचित तिरकी, आणि पाय तोवर गाडीकडे वळलेले. समोरच्यानेही हसून 'अहो, आता नको, परत कधीतरी' म्हणायचं. झालं, दोघांचाही मान राहिला.

ते म्हणाले, "येतो ना! पत्ता टाका ताई. आईला घेतो गाडीत आणि निघतोच."

नवऱ्याने खिशातल्या किल्ल्या वाजवल्या. मी "हो हो, पाठवते" म्हटलं आणि गाडीत बसले. मागच्या सीटवरून मैत्रीण म्हणाली, "काय गं, खरंच येतायत की काय ते?" सगळे हसले. मीही हसले.

भाकऱ्या मी गॅरेजमध्ये करते. घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघर नवं करून घेतलं, पांढरा दगडी ओटा, काचेची सपाट शेगडी, वर मंद पिवळे दिवे. आणि मग त्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास मुरू नये म्हणून गॅरेजमध्ये सिलेंडरची शेगडी मांडली. आमच्या ओळखीत निम्म्या घरांत हीच व्यवस्था आहे. पिठाने माखलेले हात, तव्यावर भाकरी, फोन डीप फ्रीझरच्या झाकणावर. तो उजळला. "ताई, पत्ता?" दोनच शब्द. मी मेसेज उघडला नाही, वरच्या वर वाचला. उघडला असता तर निळ्या खुणा उमटल्या असत्या. कोपराने फोन पालथा केला आणि भाकरी उलटली.

दिवाळीच्या कार्यक्रमात ते भेटले. माझ्या हातात फराळाची बशी देत म्हणाले, "ताई, चकली घ्या, आईने केलीय." पत्त्याचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मग फेब्रुवारीत मुलीचा गृहपाठ आला. इथे अकरावीच्या इंग्रजीत फिट्झजेराल्डचं 'द ग्रेट गॅट्सबी' बऱ्याच शाळांत असतं. मी ते कॉलेजात वाचलं होतं, म्हणजे त्यावरचं गाइड वाचलं होतं. डोक्यात उरलं होतं ते नेहमीचंच. जॅझ, पार्ट्या, पलीकडच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा, प्रेमासाठी महाल घेणारा माणूस, म्हणजे गॅट्सबी. मुलगी जेवणाच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आई, ती बाई स्वतःच त्याला जेवायला बोलावते ना? मग तो चुकला कुठे?"

मी म्हटलं, बघू.

सहाव्या प्रकरणात आहे तो प्रसंग, दोन-अडीच पानांचा. कथानक त्याने काही पुढे सरकत नाही, म्हणून गाइडवाले तो गाळतात. रविवारची दुपार. स्लोन नावाचा एक गृहस्थ, घोडेस्वारीचा तपकिरी पोशाख घातलेली एक देखणी बाई आणि गॅट्सबी जिच्यासाठी झुरतो त्या डेझीचा नवरा टॉम ब्यूकॅनन, असे तिघं घोड्यांवरून फिरता फिरता गॅट्सबीच्या दारात येतात. काहीतरी प्यायला मिळावं एवढाच हेतू. गॅट्सबीची धांदल उडते. बसा, सिगरेट घ्या, सिगार घ्या, घंट्या वाजवतो. स्लोनला लेमनेड? नको. थोडी शॅंपेन? काहीच नको. बाईच्या पोटात दोन ग्लास गेल्यावर ती खुलते आणि म्हणते, तुम्हीच चला ना आमच्याकडे जेवायला. दोघंही चला. दोघं म्हणजे गॅट्सबी आणि कथा सांगणारा निक कॅरवे. निक ताबडतोब 'नको' म्हणतो. गॅट्सबीला जायचं असतं. तो म्हणतो, माझ्याकडे घोडा नाही, सैन्यात असताना बसायचो, पण घोडा कधी विकत घेतला नाही. मी मोटारीने मागून येतो. आणि तयार व्हायला आत जातो. बाहेर टॉम निकला म्हणतो, अरे देवा, हा खरंच येतोय वाटतं! तिला तो नकोय हे याला कळत नाही का? निक म्हणतो, ती तर म्हणतेय हवाय. तेवढ्यात स्लोन आणि ती बाई घोड्यांवर चढलेली असतात. आम्हाला थांबता आलं नाही असं सांगा त्याला, म्हणून ते निघतात. ऑगस्टच्या गर्द झाडीत ते दिसेनासे होतात आणि त्याच क्षणी हॅट आणि हलका ओव्हरकोट हातात घेऊन गॅट्सबी दारातून बाहेर येतो.

लेखक पुढे एक अक्षर लिहीत नाही. गॅट्सबीचा चेहरा कसा झाला, तो काय म्हणाला, काही नाही.

मुलीला मी समजावत होते, "अगं, तसं म्हणायचं असतं. तोंडदेखलं." ती म्हणाली, "म्हणजे खोटं?" मी म्हटलं, "खोटं नव्हे गं... रीत." आणि बोलता बोलता माझ्या डोळ्यांसमोर गॅरेजमधलं डीप फ्रीझरचं झाकण आलं.

त्या आठवड्यात मी पुस्तक पहिल्यापासून वाचलं. आणि गंमत म्हणजे या खेपेला प्रेमकहाणी मला जवळपास दिसलीच नाही. दिसलं ते सामान. काय काय विकत घेतलंय या माणसाने! दर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या फळवाल्याकडून संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या यायच्या आणि सोमवारी त्याच फळांच्या रस काढलेल्या अर्ध्या वाट्यांचा ढीग मागच्या दाराने बाहेर पडायचा. स्वयंपाकघरात एक यंत्र, अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस काढणारं, फक्त बटलरने अंगठ्याने दोनशे वेळा बटण दाबायला हवं. हा अंगठा मी विसरू शकत नाही. फिट्झजेराल्ड थाटाचं वर्णन असं करतो, की झगमगाट वाचता वाचता मध्येच कुणाचा तरी अंगठा दुखायला लागतो. एका पार्टीत एका मुलीचा गाऊन खुर्चीत अडकून फाटला. गॅट्सबीने तिचं नाव-पत्ता विचारून घेतला आणि आठवड्याच्या आत नवा गाऊन घरपोच केला. निळा, लव्हेंडर मणी लावलेला, २६५ डॉलरचा. शेजारी निक ज्या घरात राहतो त्याचं महिन्याचं भाडं ८० डॉलर. ती मुलगी गाऊन ठेवून घेते, आणि असं वागणाऱ्या माणसात काहीतरी विचित्र आहे बाई, म्हणून कुजबुज सुरू होते. त्याने म्हणे एकदा माणूस मारलाय. तो म्हणे युद्धात जर्मन हेर होता. हे सगळं त्याचीच शॅंपेन पिता पिता.

पैसा कुठून आला विचारू नका, असं आमच्याकडेही कुणीतरी म्हणालं होतंच. ट्रकच्या धंद्यातून आला होता. सगळ्यांना माहीत होतं.

त्या महालाचीही एक गोष्ट आहे. गॅट्सबीच्या आधी तो एका दारूभट्टीवाल्याने बांधलेला, नॉर्मंडीतल्या कुठल्याशा नगरभवनाची हुबेहूब नक्कल. त्या मालकाने म्हणे आजूबाजूच्या छोट्या घरांच्या मालकांना सांगितलं होतं, तुमचा पाच वर्षांचा कर मी भरतो, तुम्ही फक्त छपरं गवताने शाकारून घ्या. म्हणजे याच्या खिडकीतून बघताना आसपास रयत राहत असल्यासारखं दिसावं! लोकांनी नकार दिला. आणि समोरच्या किनाऱ्यावर, जिथे मुरलेला पैसा राहतो, तिथे टॉमचं लाल-पांढरं घर. पाण्यापासून दारापर्यंत पाव मैल हिरवळ. टॉम स्वतःच निकला सांगतो, हे पूर्वी डिमेन नावाच्या तेलवाल्याचं होतं. म्हणजे घर त्यानेही विकतच घेतलेलं. पोलोचे घोडेसुद्धा शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टहून आणवलेले. लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला दिलेली मोत्यांची माळ साडेतीन लाख डॉलरची. आता यात भपका कोणाचा जास्त? पण हसू होतं ते गॅट्सबीचंच. 'ऑक्सफर्डचा म्हणे! गुलाबी सूट घालतो तो!' असं टॉम म्हणतो. त्याची ती मलईच्या रंगाची, निकेलने लखलखणारी मोटार म्हणजे टॉमच्या मते सर्कशीची गाडी. मोरपंखी जॅकेटबद्दल आमच्या गाडीत त्या रात्री काय बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या दिवाणखान्यात जुन्या पैठणीचा पदर काचेत मढवून लावलाय. खाली पितळी समई. ती कधी पेटवलेली नाही, धुराचा अलार्म वाजतो. येणारा प्रत्येक जण म्हणतो, वा, किती साधं आणि सुंदर ठेवलंय घर! हा जो 'साधं' शब्द आहे, त्याची किंमत मला ठाऊक आहे, फ्रेमवाल्याची पावती माझ्याकडे आहे.

गॅट्सबीच्या वाचनालयात पार्टीच्या रात्री घुबडासारखा चश्मा लावलेला एक झिंगलेला पाहुणा बसलेला असतो. तो थक्क झालेला असतो, कारण पुस्तकं खरी आहेत. त्याला वाटलं होतं पुठ्ठ्याची असतील. मात्र पानं कापलेली नाहीत. त्या काळी नव्या पुस्तकाची पानं कडेला एकमेकांना जोडलेली असत, वाचणारा ती सुरीने कापत कापत वाचायचा. पाहुणा म्हणतो, बघा, कुठे थांबायचं हेही याला कळलं! मला इथे नेहमी गॅट्सबीची बाजू घ्यावीशी वाटते. निदान पुस्तकं तरी खरी घेतली. आणि ज्यांनी पानं कापली होती, टॉमसारख्यांनी, त्यांनी वाचून काय मिळवलं? टॉम पहिल्याच प्रकरणात गोऱ्या वंशाच्या ऱ्हासावरचं कुठलंसं पुस्तक वाचून टेबलावर तावातावाने बोलत असतो.

पण मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच एका वाक्याने. निक म्हणतो, डेझीच्या आवाजात काहीतरी आहे, आणि शब्द शोधत अडखळतो. गॅट्सबी पटकन म्हणतो, तिच्या आवाजात पैसा भरलाय. ज्याला त्या आमंत्रणातला तोंडदेखलेपणा ऐकू आला नाही, त्यालाच हे ऐकू आलं. कान नव्हता असं नाहीच मग.

आपल्या मराठीत आवाजात पैसा नसतो. आपल्या आवाजात 'ण' असतो.

ते गृहस्थ 'पानी' म्हणतात, 'कोन' म्हणतात, 'आनि' म्हणतात. मंडळात माइक हातात घेऊन बोलले तेव्हा पहिल्या दोन रांगांत नजरानजर झाली. कुणी काही बोललं नाही, आपण सुशिक्षित आहोत. त्यांच्याकडे आमच्या चौघांच्या मिळून असेल त्याहून जास्त पैसा आहे, आणि आमच्याकडे 'ण' आहे. हिशेब चुकता. आणि हा 'ण' मला काही जन्मजात मिळालेला नाही. माझी आजी कोकणातली, ती जन्मभर 'पानी'च प्यायली. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, शाळेत नाव घालायच्या आधी, आईने मला समोर बसवून 'पाणी, लोणी, आणि, कोण' घोटून घेतलं होतं. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आजी कोपऱ्यात तांदूळ निवडत असायची आणि ऐकत असायची. तिला काय वाटत असेल, हा प्रश्न मला पन्नाशीला आल्यावर पडतोय.

गॅट्सबीच्या मृत्यूनंतर त्याचे म्हातारे वडील मिनेसोटाहून येतात, तेव्हा त्याच्या लहानपणीच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने लिहिलेलं वेळापत्रक दाखवतात. तारीख १२ सप्टेंबर १९०६. सहाला उठणे. डंबेल्स. विजेचा अभ्यास. आणि ५ ते ६, उच्चार आणि रुबाब यांचा सराव. खाली संकल्प. एक दिवसाआड अंघोळ, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकणे. हे पाच खोडून तीन केलेले. आईवडिलांशी नीट वागणे. त्या खोडलेल्या पाचापाशी मी पुस्तक मिटलं होतं. मी पाचावर काट मारणारं घर आतून पाहिलेलं आहे.

आणि पार्किंगमधलं 'या ना' सुद्धा मी आधी पाहिलं होतं, दुसऱ्या बाजूने. मी नऊ वर्षांची असेन. बाबांचे एक मोठे साहेब शिवाजी पार्कला राहायचे. कुठल्याशा निरोप समारंभात ते बाबांना म्हणाले होते, या एकदा सहकुटुंब. बाबांनी रविवार ठरवला. फोन करून जायची पद्धत नव्हती, आमच्याकडे फोनही नव्हता. आईने इस्त्रीची साडी, मला नवा फ्रॉक, बाबांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. डोंबिवलीहून दादरपर्यंत तो बॉक्स त्यांनी मांडीवर आडवा धरला होता, गर्दीत दाबला जाऊ नये म्हणून. दार कामवालीने उघडलं. साहेबांची बायको बाहेर आली, तिने आईकडे पाहिलं, हसली, म्हणाली, "अगंबाई! आम्ही जरा निघतच होतो." तरी पाणी दिलं. काचेच्या ग्लासात, खाली बशी. बाबा उभ्या उभ्या प्यायले. पेढ्यांचा बॉक्स तिने घेतला आणि चपलांच्या कपाटावर ठेवला. आम्ही जिन्यात असताना आतून रेडिओ मोठा झाला. परतीच्या स्लो लोकलमध्ये बाबा दोनदा म्हणाले, "चांगली माणसं आहेत. घाईत होते बिचारे." त्यांना कळलं होतं का? चाळीस वर्षं मी हा प्रश्न विचारलेला नाही. आता ते शहाऐंशीचे आहेत.

म्हणजे मला माहीत होतं. चपलांच्या कपाटावरचा तो बॉक्स मला अजून दिसतो, आणि तरीही मी फोन पालथा केला. का, याचं पुस्तकात जे सगळ्यात जवळचं उत्तर मला सापडलं ते मर्टल विल्सनपाशी. गॅरेजवाल्याची बायको, टॉमची ठेवलेली बाई. न्यूयॉर्कला उतरल्यावर ती चार टॅक्सी सोडून देते आणि पाचवी घेते, कारण ती नवी आहे, लव्हेंडर रंगाची, आत करडी गादी. टॉमने घेऊन दिलेल्या टीचभर फ्लॅटमध्ये व्हर्सायच्या बागेतल्या बायकांची चित्रं विणलेलं फर्निचर इतकं मोठं, की माणसं त्याला ठेचकाळतात. तिथे ती कपडे बदलते आणि कपड्यांबरोबर बाईच बदलते. बर्फ आणायला सांगितलेल्या पोऱ्याबद्दल भुवया उंचावून म्हणते, ही असली माणसं! सतत मागे लागावं लागतं यांच्या! कुणी म्हणायचं हे? जी स्वतः राखेच्या ढिगाऱ्याशेजारी पेट्रोल पंपावर राहते. नवरा तिच्या मनातून उतरला कशामुळे, तर लग्नात त्याने घातलेला सूट उसना होता आणि ते तिला नंतर कळलं, सूटवाला परत मागायला आला तेव्हा. ती दुपारभर रडली. हे वाचताना मी तिच्यावर हसू शकले नाही.

मार्चच्या एका शनिवारी फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात जायचं होतं. पेन स्टेशनवरून पोर्ट वॉशिंग्टनची गाडी पकडली. फ्लशिंगच्या आधी विलेट्स पॉइंट लागतं. एका बाजूला बेसबॉलचं स्टेडियम, दुसऱ्या बाजूला पार्क, त्यात पोलादी पृथ्वीचा मोठा गोल. कादंबरीतली राखेची दरी ती हीच. ब्रुकलिनमधल्या कोळशाच्या भट्ट्यांची राख इथे आणून ओतायचे, १९३९च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती हलवून सपाटी केली. कादंबरीत नावा जाण्यासाठी पूल वर उचलला की आगगाडी थांबून राहते आणि आतल्या पैसेवाल्यांना अर्धा अर्धा तास ती राख बघत बसावं लागतं. आमची गाडी थांबली नाही. माझ्याखेरीज बाहेर कुणी बघतही नव्हतं.

देवळातल्या तळघरात डोसा खाल्ला आणि परत फिरायच्या ऐवजी त्याच लाइनवर पुढे गेले. ग्रेट नेकला फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ भाड्याच्या घरात राहिला. शेजारी नाटकवाले, सिनेमावाले, नव्याने पैसा आलेले. तेच त्याचं वेस्ट एग, कादंबरीत गॅट्सबी राहतो ते गाव. वर्षाला ३६ हजार डॉलर मिळवून ते सगळे कसे उडाले यावर त्याने तिथे असताना एक मिस्कील लेखही लिहिला आणि त्या लेखाचेही पैसे घेतले. मुळात तो स्वतःही दारातच उभा असलेला माणूस. १९१६च्या उन्हाळ्यात लेक फॉरेस्टला एका श्रीमंत मुलीच्या घरी गेला असताना कानावर पडलेलं वाक्य त्याने आपल्या वहीत टिपून ठेवलंय, की गरीब मुलांनी श्रीमंत मुलींशी लग्नाचे विचार करू नयेत. टॉमचे घोडे त्याने लेक फॉरेस्टहूनच का आणवले, हे मग कुणी सांगायला नको. पुस्तक १० एप्रिल १९२५ला आलं, अपेक्षेइतकं खपलं नाही, आणि १९४०मध्ये तो चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला तेव्हा ते जवळपास विसरलं गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटलेल्या खिशातल्या आवृत्तीने ते पुन्हा लोकांच्या हाती आलं. फुकट वाटलेलं, हे मला आवडतं.

ग्रेट नेकहून मॅनहॅसेटला जाताना गाडी एका उंच पुलावरून जाते. खाली खाडीचं टोक. अलीकडे नवा पैसा, पलीकडे जुना. पूल ओलांडायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मला दोन्हीकडची झाडी सारखीच दिसली, दोन्हीकडे हिवाळ्याने ओकीबोकी.

मॅनहॅसेटला उतरून परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले. वारा होता. भारतात रात्र झालेली, पण बाबा जागे असतात म्हणून व्हिडिओ कॉल लावला. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, घराला नवीन रंग दिलास का? त्यांच्या पाकिटात आमच्या या घराचा फोटो आहे, दहा वर्षांपूर्वी मीच छापून दिलेला. दूधवाला, बँकेतला शिपाई, रिक्षावाला, सगळ्यांना दाखवून झालाय. कोपरे फाटलेत, मध्ये घडीची पांढरी रेघ पडलीय. गॅट्सबीच्या वडिलांकडेही असाच फोटो असतो, मुलाच्या महालाचा, हाताळून मळलेला. निकला वाटतं, समोर उभ्या असलेल्या घरापेक्षा म्हाताऱ्याला तो फोटोच जास्त खरा वाटतोय. बाबांना म्हटलं, रंग उन्हाळ्यात देणार. ते म्हणाले, "दिलास की फोटो पाठव." मग मी विचारलं, "बाबा, ते शिवाजी पार्कचे साहेब आठवतात?" ते म्हणाले, "आठवतात तर! पेढे दिले होते आपण." आणि थोड्या वेळाने, "तुझा फ्रॉक निळा होता."

फोन ठेवला. गाडीला अकरा मिनिटं होती. व्हॉट्सॲप खाली खाली सरकवत सप्टेंबरपर्यंत गेले. "ताई, पत्ता?" अजून न उघडलेलाच होता, शेजारी हिरवा ठिपका. उघडला. सहा महिन्यांनी त्यांच्याकडे निळ्या खुणा उमटल्या असतील. माफी लिहिली, खोडली. 'त्या दिवशी गडबडीत राहून गेलं' लिहिलं, तेही खोडलं, घाईत होते बिचारे. शेवटी नुसता पत्ता लिहिला, घर नंबर, रस्ता, गाव, पिन, आणि खाली, "येत्या रविवारी जेवायला या. आईंना घेऊन."

गाडी यायच्या आत उत्तर आलं. "हो ताई येतो. आई इथंच आहे अजून. ती म्हणते मी मांडे करते, खापर आनलंय जळगावहून सामानात. फक्त विचारते तुमच्याकडे गॅस आहे का ती काचेची शेगडी? काचेवर खापर बसत नाही."

मी हातमोजा काढला आणि लिहिलं, "गॅस आहे. गॅरेजमध्ये."